दुखण्याचा फोटो

देवाला जाताना माणसं नारळ नेतात, बोरदऱ्याला जाताना एक्सरे नेत. दर गुरुवारी महागावाकडून येणारी एसटी फाट्यावर थांबली, की काखेत लिफाफे मारलेली माणसं भराभरा उतरत आणि वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून चालू लागत. कुणी कंबर धरून, कुणी गुडघा धरून, कुणाला दोघांनी दोन बाजूंनी धरून. चिंचेखालच्या ओट्यावर फिल्लमबाबा बसलेला असे. काळी बंडी, कपाळभर शेंदूर आणि नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा. हा बाबा चष्म्याबिगर नुसता बाबाच दिसला असता. चष्म्यामुळं तो निम्मा डॉक्टर दिसायचा.

"डाक्टर हाडाचा फोटू काढते!" तो गरजायचा. "हाड दुखते काय? मेलेल्या ढोराचं हाड पडून राह्यते वावरात, वरडते काय ते? दुखते ते आत लपून राह्यते. त्याचा फोटू कोन्या मशीनीनं निघते?"

"कोन्याच नाई!" गर्दी म्हणायची.

"मंग कुठं निघते?"

"इथंच निघते बाबा!"

मग रोग्याची फिल्म चौरंगावर यायची. तिच्यावर लाल फडकं आणि फडक्यावर निखाऱ्यांनी भरलेला पितळी गडू. गडूत ऊद पडला की धूर उठे, आणि बाबा डोळे मिटून, मंत्रात मणक्यांचे नंबर मिसळून म्हणे, "ॐ ह्रीं क्लीं एल-फोर एल-फाइव्ह फट् स्वाहा!" अर्ध्या मिनिटानं फडक्यासकट गडू उचलायचा आणि फिल्म सूर्यासमोर धरायची. पांढुरक्या मणक्यांवर, जिथं घटकेपूर्वी काही नव्हतं, तिथं काळाकुट्ट गोल डाग असे.

"उतरलं! उतरलं!" बायका हात जोडत, आणि रोगी त्या डागाकडं पाहून ढसाढसा रडे.

त्या गुरुवारी गर्दीच्या कडेला, डोक्यावर ओढणी घेऊन, नाहिद उभी होती. ती यवतमाळच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवायची. चमत्कार पाहायची तिला हौस नव्हती. तिला एक बाई परत न्यायची होती.

नाहिदचा विषय होता जुनाट वेदना. म्हणजे जखम भरून वर्षं लोटली तरी जे दुखणं अंगातून जात नाही, ते. अभ्यासक्रमात त्याला दोन तास होते. बाकीचे शिक्षक यंत्रं शिकवत. यंत्राला बटणं असतात, मुलांना ती आवडतात. नाहिद शिकवू लागली की मागच्या बाकावरून हमखास विचारणा होई, "म्याडम, हे परीक्षेत येते का?" शिक्षकांच्या खोलीतही तिच्या संशोधनाबद्दल कुणी विचारत नसे. कॉलेज सुटलं की शहरालगतच्या लोहारा भागातल्या भाड्याच्या खोलीत ती, तिच्या वह्या आणि एक पंखा, एवढाच संसार होता.

संशोधनासाठी तिनं महागाव तालुक्यातल्या, कापूस वेचून कंबर धरलेल्या चाळीस बायका निवडल्या होत्या. दर पंधरवड्याला ती जायची, थोडा थोडा व्यायाम वाढवायची. लिहिता न येणाऱ्यांसाठी तिनं पंधरा कप्प्यांच्या कापडी पट्ट्या स्वतः शिवल्या होत्या. रोज सकाळी एका कप्प्यात तुरीचे दाणे टाकायचे. दुखलं नाही तर कप्पा रिकामा. अगदीच सोसवेना झालं तर दहा दाणे. पंधरा दिवसांनी नाहिद पट्टी उकलून दाणे मोजून घेई. गाईड सरांनी या पट्ट्यांना हसून घेतलं होतं.

या चाळिसात बोरदऱ्याच्या तानाबाई होत्या. पाच वर्षांपासून कंबर. सुरुवातीला त्यांच्या कप्प्यात आठ-आठ दाणे असत. चार महिन्यांत ते तिनावर आले. एक दिवस त्या कापसासाठी कंबरेला ओटी बांधून दोन तास कापूस वेचून आल्या, आणि नाहिदनं वहीत त्या तारखेभोवती चौकट काढली.

मग तिच्या हातून चूक झाली. चूक म्हणजे तिच्या मते चांगलीच गोष्ट होती. तानाबाईंचे मालक सदाशिवराव समोर बसले होते. नाहिदनं एक्सरे उजेडाला धरला आणि हसून म्हणाली, "एक्सरे एकदम साफ आहे. काहीच खराबी नाही."

रोग्याला धीर द्यावा म्हणून ती बोलली. पण ते वाक्य घरी गेल्यावर त्याचा अर्थ पार फिरला. खराबी नाही, तर मग पाच वर्षं ही बाई कण्हते काहून? सासरचे, शेजारचे, सगळ्यांना उत्तर सापडलं: नखरे. पुढच्या पंधरवड्याला तानाबाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. चाळीस बायकांतल्या आता सतरा उरल्या होत्या. "गळती लिहा आणि पुढं चला," गाईड सर म्हणाले. नाहिदला गळती लिहवेना. ती तानाबाईंच्या घरी गेली.

तानाबाई बाजेवर उताण्या पडल्या होत्या. भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी त्यांचा एक्सरे टांगला होता, कंबरेवर काळा गोल डाग घेऊन.

"पाह्यलं का म्याडम?" त्या म्हणाल्या. "तुमी म्हनल्या काईच नाई. हे पाहा, आहे ना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कधी नव्हे ते कुणीतरी आपली बाजू घेतल्याचं समाधान होतं, आणि तेच नाहिदला लागलं.

बाबाचे नियम सदाशिवरावांनी सांगितले. दुखणं फिल्मवर उतरलं, की चाळीस दिवस अंग हलवायचं नाही. आणि दुखलं तरी दुखलं म्हणायचं नाही. तोंडातून शब्द निघाला की ते उलटून येतं. आज तेविसावा दिवस होता. पांघरुणाबाहेर आलेली तानाबाईंची पोटरी काडीसारखी झाली होती. चार महिन्यांत कमावलेलं सगळं त्या बाजेवर वितळून चाललं होतं.

"आता कसं वाटतं, तानाबाई?"

तानाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं आणि ओठ मिटले. सदाशिवराव पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी उशीकडं डोळ्यांनी खूण केली. नाहिदनं हात घातला. उशीखाली कापडी पट्टी होती. एकेक कप्पा दाण्यांनी टम्म फुगला होता. तोंडानं जे बोलायची बंदी होती, ते ही बाई रोज गुपचूप दाण्यांत बोलत होती, आणि ते ऐकायला कुणी येत नव्हतं.

"चाळीस होऊ द्या म्याडम," दारात सदाशिवराव म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते. डाग पाहिल्यापासून ते बायकोच्या तोंडात घास देत होते. "इतके दिवस आमीच तिले खोटं पाडलं. आता मधात नका पडू."

परतीच्या एसटीत नाहिदला नेरहून अम्मीचा फोन आला. अम्मीचे, जुबैदाबींचे, गुडघे पंधरा वर्षं दुखत होते.

"घुटने कैसे हैं, अम्मी?"

"सब ठीक है बेटा. तू खाना खाती है ना टाइम पे?"

अम्मी नेहमी असंच म्हणायची. नाहिदनं फोन ठेवला आणि खिडकीबाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाट्या पाहत राहिली. अख्ख्या गाडीत ओळखीचं एक माणूस नव्हतं.

म्हणून तानाबाईंच्या सव्विसाव्या दिवशी, त्या गुरुवारी, ती चिंचेखाली उभी होती. सोबत होती अर्पिता, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. हीच ती मागच्या बाकावरून परीक्षेचं विचारणारी. महागावचीच असल्यामुळं ती वाट दाखवायला आली होती.

दोघींनी तीन तास पाहिलं. डाग खरोखर उठत होता. बाबाच्या हातात शाई नव्हती, फडकं कोरडं होतं. एका म्हाताऱ्यानं वीस वर्षांपूर्वीचा जपून ठेवलेला एक्सरे पुढं केला, तर बाबानं तो न पाहताच परत दिला. "या फिल्लमचा जीव गेला. औंदाची आन!" म्हातारा ओशाळून मागं सरला. नाहिदनं ते मनात टिपून ठेवलं, पण उलगडा होईना. आपण आठ वर्षं वेदना शिकवतो आणि हा माणूस अर्ध्या मिनिटात ती दाखवतो, या विचारानं ती खट्टू झाली होती.

फाट्यावर हातगाडीवर चहा होता. नाहिदनं एसटीचं तिकीट फळकुटावर ठेवलं आणि वारं होतं म्हणून त्यावर चहाचा स्टीलचा ग्लास ठेवला. चहा वाफाळत होता.

"म्याडम, एक गोष्ट सांगू?" अर्पिता म्हणाली. "कोनाचा गुडघा, कोनाची मान, कोनाची कंबर. पन डाग सगळ्याइचा एकाच मापाचा. दुखणं का साच्यातून काढते काय?"

नाहिदनं ग्लास उचलला आणि तो तसाच हातात राहिला. तिकिटावर काळं कडं उमटलं होतं. ग्लासच्या बुडाएवढं, गोल.

"अर्पिता," ती हळूच म्हणाली, "एसटीची कंबर दुखायला लागली."

पुढचे चौदा दिवस तिनं तयारीत घालवले. ओळखीच्या एक्सरे केंद्रातून वाया जाणाऱ्या कोऱ्या फिल्म आणल्या, खोलीत तवा तापवून पाहिला, आणि शंका उरली नाही. तिनं सदाशिवरावांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाळीस दिवसाले या." तेवढ्यावर तिला थांबावं लागलं.

चाळिसाव्या दिवशी तानाबाईंना बाजेसकट चिंचेखाली आणलं होतं. उत्सवच होता. बाबा ओट्यावरून ओरडला, "ऊठ माय! चाल! तुह्यं दुखणं फिल्लमवर गेलं!"

तानाबाई कोपरावर रेटून बसल्या. पाय खाली सोडले. उभं राहायला गेल्या आणि पाय लटपटून बाजेवर कोसळल्या. चाळीस दिवस निजवून ठेवलेले पाय, ते काय करणार?

बाबा मात्र गडबडला नाही. असल्यांकडं उत्तर तयार असतं. "हिनं तोंड उघडलं!" त्यानं बोट रोखलं. "दुखते म्हनून सांगतलं कोनाले तरी! पापाचं फय आहे हे!"

सदाशिवराव बायकोकडं वळले. "काहून व? बोलली तू?"

"नाई हो," तानाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "एक शब्द नाई काढला मी. आयुषची आन."

लेकाची शपथ घेऊनही कुणी मानलेलं दिसेना. पुन्हा तेच, बाई खोटारडी. आता मात्र नाहिदला राहवेना. ती गर्दीतून पुढं गेली. मागून अर्पिता आली, हातात फाट्यावरच्या इस्त्रीवाल्या देवसिंगची कोळशाची इस्त्री घेऊन. देवसिंगही मागोमाग आलेला, कारण इस्त्री त्याची होती.

"मलाही दुखणं उतरवायचं आहे," नाहिद म्हणाली.

"तुमच्या दर्ग्यावर जा ना मंग!" मागून कुणीतरी ओरडलं. "इथं कायले?"

"दर्ग्यावर कोणी असं करत असलं, तर हीच इस्त्री घेऊन तिथंही जाईन," नाहिद म्हणाली. तिनं एक कोरी फिल्म पुढं केली. "मामा, ही फिल्म पाहा. काय दिसतं?"

एक्सरे परत मिळालेला तो म्हातारा पुढंच उभा होता. त्यानं कोरी फिल्म सूर्याला धरली. "काईच नाई. काच आहे निस्ती."

"माणूस आहे यात? हाड?"

"नाई."

तिनं फिल्म बाजेच्या कडेला पसरली, वर फडकं टाकलं आणि इस्त्री ठेवली. "मंत्र म्हणायचा राहिला," अर्पिता म्हणाली, "पन मले पाठ नाई." दोन-चार जण हसले. अर्ध्या मिनिटानं नाहिदनं इस्त्री उचलून फिल्म वर धरली. फिल्मवर काळाभोर डाग होता. पुढं टोकदार, मागं रुंद. हुबेहूब इस्त्री.

"हे कोणाचं दुखणं उतरलं?" तिनं विचारलं. "यात माणूसच नाही. आणि इस्त्रीच्या आकाराची कंबर कोणाची असते?"

"माह्या इस्त्रीची!" देवसिंग मोठ्यानं म्हणाला, आणि आता पुष्कळ जण हसले.

मग तिनं साध्या शब्दांत सांगितलं. हल्ली एक्सरेची फिल्म पाण्यात धुऊन काढत नाहीत. मशीन उष्णतेनं तिच्यावर चित्र उठवते. ज्या फिल्मवर उष्णतेनं चित्र उठतं, ती गरम गडूनंही काळी होते. एसटीचं तिकीट तसंच. तिनं खिशातलं तिकीट काढून निखाऱ्याजवळ धरलं, ते सगळ्यांदेखत काळं पडलं. "मामा, तुमचा जुना एक्सरे द्या." त्यावर इस्त्री ठेवली. फिल्म जराशी आकसली, पण इस्त्रीचा आकार काही उठला नाही. "जुनी फिल्म धुऊन काढलेली असते, तिच्यावर असा डाग उठत नाही. म्हणून बाबाला औंदाची फिल्म लागते. जीव तुमच्या फिल्मचा नाही गेला मामा, ती घेतली असती तर बाबाच्या धंद्याचा गेला असता."

बाबानं घाईघाईनं नुसत्या हातानं गडू उचलला आणि "आयोऽ" करून सोडला. निखारे ओट्यावर सांडले. मंत्रानं ते काही थंड झाले नाहीत. सामान गोळा करून तो नदीच्या बाजूनं निघून गेला. काही माणसं तरीही त्याच्या मागं गेली, हेही खरं सांगितलं पाहिजे.

नाहिद जिंकली होती. तिनं वळून तानाबाईंकडं पाहिलं, आणि जिंकल्याचं तिला काहीच वाटेना.

तानाबाई भिंतीवरून काढून आणलेला आपला एक्सरे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काळ्या डागावरून त्यांचं बोट फिरत होतं.

"हे खोटं, म्हंजे," त्या म्हणाल्या, "माह्यं दुखणंबी खोटंच का म्याडम?"

एवढ्या गर्दीत त्या बाईइतकं एकटं कुणी नव्हतं. नाहिद बाजेजवळ मातीत बसली.

"नाही. चूक माझी झाली. मी म्हटलं काहीच नाही. मी म्हणायला पाहिजे होतं, हाड चांगलं आहे आणि दुखणंही खरं आहे. सदाशिवराव, तुमच्या वावराच्या तारेला झटका मशीन आहे ना?"

"आहे ना. डुकरं लय येते."

"तार नुसती गवताला लागली तरी सायरन वाजतो?"

"वाजते. मागच्या साली डुकरानं तूर खाल्ली तवापासून मीच बारीक सेट केली. पान हाललं तरी बोंबलते."

"तेव्हा डुक्कर नसतं. मग सायरन वाजलाच नाही, असं म्हणता का तुम्ही?"

"असं कसं म्हनन? कानानं ऐकतो ना मी."

"यांच्या अंगातला सायरन तसा झाला आहे. कंबरेला एकदा इजा झाली, ती भरली. पण सायरन बारीक सेट होऊन बसला. तो हळूहळू परत जागेवर आणता येतो. रोज थोडं चालून, थोडं वाकून, भीती घालवून. बाजेवर निजून नाही, आणि तोंड बंद करून तर नाहीच. त्याचा फोटो कुठल्याच मशीनमध्ये येत नाही. तो ज्याला वाजतो त्यालाच ऐकू येतो. आपण फक्त विचारायचं असतं."

तानाबाईंनी उशीखालून पट्टी काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "मी बोलली नाई," त्या म्हणाल्या. "दाणे टाकले फक्त. कप्पे सरले तं त्याच्यातच पुन्हा टाकले."

सदाशिवरावांनी एक कप्पा तळहातावर उलटा केला. मग दुसरा. तिसऱ्या कप्प्याला ओंजळ लागली, दाणे बोटांतून मातीत सांडू लागले, आणि ते एकेक वेचत खाली बसले. डाग पाहून त्यांचा विश्वास बसला होता. आता ते डागाशिवाय पाहत होते.

"कुठं दुखते व?" त्यांनी विचारलं. "नीट सांग मले."

पाच वर्षांत घरच्या माणसानं हे पहिल्यांदा विचारलं होतं. तानाबाई सांगू लागल्या, आणि पुष्कळ वेळ सांगत राहिल्या.

तानाबाई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करताहेत. आधी बाजेवरून उठणं, मग दारापर्यंत, मग आवारापर्यंत. दाणे अजून सहाच्या खाली आलेले नाहीत, आणि एका रात्रीत येतील असं नाहिदनं कुणाला सांगितलेलं नाही. तसं सांगणाऱ्यापासून सावध राहा, एवढंच ती वर्गात सांगते. कुणी डाग दाखवला तर आधी गडूचं बूड पाहा. आणि घरातलं माणूस दुखतं म्हणालं तर पुरावा मागू नका. तुम्ही पुरावा मागता, म्हणून तो विकणारा चिंचेखाली येऊन बसतो. अर्पिता आता पुढच्या बाकावर बसते.

चिंचेखालच्या त्या चाळिसाव्या दिवशी नाहिद लोहाऱ्याच्या खोलीवर गेली नाही. यवतमाळला उतरून तिनं नेरची गाडी धरली. अम्मी दारातच बसली होती. नाहिदनं पिशवीतून एक कोरी पट्टी काढली, तुरीचे मूठभर दाणे काढले आणि अम्मीसमोर ठेवले.

"आज कितना दुखता है, अम्मी? दस में से."

"कुछ नहीं बेटा. सब ठीक है."

ती समोर मांडी घालून बसून राहिली. बऱ्याच वेळानं जुबैदाबींनी लेकीच्या तोंडाकडं एकदा नीट पाहिलं, हात पुढं केला आणि पहिल्या कप्प्यात एक दाणा टाकला. मग दुसरा. मग तिसरा. सातव्या दाण्याला त्यांचा हात थांबला, आणि आठवाही त्यांनी टाकला.